शेंडीवाला अरब

माझ्या लहानपणी समुद्र गंगापूर धरणात होता, लंडन मेन रोडवर होतं आणि उत्तर ध्रुव त्र्यंबकच्या थोडासा पुढे. हा भूगोल मला शाळेनं शिकवला नाही, वसंताकाकानं शिकवला. काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. लग्न केलेलं नव्हतं, देवळाली कॅम्पातल्या एका दुकानात रेडिओ आणि शिवणयंत्रं दुरुस्त करायचा आणि राहायला आमच्याकडे, नाशिक रोडच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. एकदा कॅम्पात जुन्या सामानाचा लिलाव झाला. साहेब लोक गेल्यावर कुठल्याशा क्लबाच्या माळ्यावर धूळ खात पडलेलं सिनेमाचं यंत्र आणि पत्र्याची ट्रंक भरून रिळं काकानं त्यात उचलली आणि टांग्यात घालून घरी आणली. आई दारात उभी राहून म्हणाली, "भावजी, इथं माणसांना पाय पसरायला जागा नाही, हे भूत कुठं ठेवणार?" भूत माझ्या कॉटखाली राहिलं. पुढची चार-पाच वर्षं मी त्या ट्रंकेवर झोपले. रिळांना व्हिनेगरसारखा एक आंबूस वास यायचा, आणि अजूनही लोणच्याची बरणी उघडली की मला आधी काका आठवतो, मग लोणचं.

रिळं सगळी हलत्या चित्रांची होती. कार्टून हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता, आम्ही 'चित्रांचा सिनेमा' म्हणायचो. टीव्ही कॉलनीत यायला अजून बराच अवकाश होता. रविवारी सकाळी वडील प्रेसमधून रात्रपाळी करून येऊन झोपले, की आम्ही दबक्या पावलांनी यंत्र बाहेर काढायचो आणि कॉलनीच्या हॉलमध्ये न्यायचो. खिडक्यांना गोणपाट आणि घोंगड्या, समोर पांढरी चादर, खाली सतरंजी. आई तोवर मटकीची उसळ शिजवत असायची, आणि शेवटी चिवड्याच्या पुड्या घेऊन यायचीच, कितीही कुरकुर केली तरी. देवळालीच्या मैदानावर तोफांचा सराव चालू असला की हॉलच्या काचा थरथरायच्या आणि पडद्यावरचं चित्रही थोडं हलायचं. लहान पोरांना तो सिनेमाचाच भाग वाटायचा.

एकच अडचण होती. यंत्राचा गळा बसला होता. काकानं ते दहादा उघडलं, जोडलं, पण चित्र दिसायचं आणि आवाज काही निघायचा नाही. तसाही तो आवाज इंग्रजी असणार, आम्हाला त्यातलं काय कळणार होतं? मग काकानं पत्र्याचा भोंगा करून घेतला आणि यंत्राशेजारी उभं राहून तो स्वतःच बोलायला लागला. माझा आवाज जन्मापासून मोठा. आई म्हणायची, ही बारशाला रडली ते पंचवटीत ऐकू गेलं. म्हणून बायकांचे, उंदरांचे, पोपटांचे आणि रानटी लोकांचे आवाज माझ्याकडे आले. मी तेव्हा सात वर्षांची असेन. सगळी कॉलनी माझ्या हेल काढण्यावर फिदा होती, आणि मीही.

काकाचं एक तंत्र होतं. तो म्हणायचा, "कुमुद, लांबची गोष्ट जवळची केल्याशिवाय माणूस हसत नाही." म्हणून मोटारींनी भरलेला साहेबी रस्ता दिसला की तो म्हणायचा, "हा बघा आपला मेन रोड!" जाडजूड पोलीस आला की तो देवळालीचा हवालदार. आणि सगळ्यात लाडकं रीळ होतं ते शिकारी टोपी घातलेल्या एका कोल्ह्याचं. कोल्ह्याची होडी फुटते, तो एका बेटावर लागतो आणि झाडांमागून डांबरासारखी काळी माणसं निघतात. ओठ बटाटेवड्याएवढे, केसांत हाड खोचलेलं, कमरेला गवत. ती कोल्ह्याला धरतात आणि एका अवाढव्य पातेल्यात बसवून खाली जाळ करतात. आता ही माणसं जवळची कशी करायची? काकाला फार विचार करावा लागला नाही. हंगामाला पेठ तालुक्यातली, डोंगराकडची माणसं बोचकी घेऊन नाशिकला कामाला उतरायची, स्टेशनाबाहेर पटांगणात तीन दगडांच्या चुली मांडायची. आम्ही ती रोज येता-जाता बघायचो, बोलायचो कधीच नाही. काका भोंग्यातून ओरडला, "आले आले, पेठवाले आले!" आणि मी माझा हेल काढून पुढचं जोडलं, "पातेलं चढवाऽऽ!" हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. त्यानंतर ते रीळ लागलं की आम्हाला बोलायची गरजच उरायची नाही, पोरंच आमच्याआधी ओरडायची.

मला मात्र त्या पडद्यावरच्या लोकांविषयी शेकडो प्रश्न पडायचे. ह्यांची घरं कुठं आहेत? दिवसभर पातेल्याभोवती नाचतात, तर शेती कोण करतं? आणि एवढं मोठं पातेलं ह्यांना विकलं कुणी, त्या बेटावर भांड्यांचं दुकान तर दिसत नाही! काका म्हणायचा, "सिनेमात असले प्रश्न विचारायचे नसतात." अजूनही मला हेच प्रश्न पडतात. परवा नातवानं फोनवर कुठून तरी असलीच जुनी चित्रं काढून दाखवली. आता सुरुवातीला एक पाटी येते, यात काही लोकांची चेष्टा आहे आणि ती बरी नव्हे, अशा अर्थाची. नातू म्हणाला, "आजी, तू हे बघून हसायचीस?" मी म्हटलं, "मी हे बोलायचे." त्याला ते कळलं नाही, आणि मी लगेच समजावलंही नाही.

माझ्या बाकावर हिरा बसायची. तिचे वडील रेल्वेत, रुळांच्या गँगवर. ती आणि तिची आई गावाहून येऊन रेल्वेच्या चाळीत राहिलेल्या, सोबत पाच वर्षांचा धाकटा भाऊ सोमा, जो हिराच्या कडेवरून क्वचितच खाली उतरायचा. गाव पेठच्याही पुढे, डोंगरात. सुट्टीहून येताना हिरा आमच्यासाठी नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड आणायची. आई ते कौतुकानं तळायची, पण त्यांच्या घरची भाकरी मात्र मला खाऊ द्यायची नाही. कोरडं चालतं, शिजवलेलं चालत नाही, असा तिचा नियम होता आणि तो तिनं कधी मोठ्यानं सांगितलाही नाही. हिरा दर रविवारी सोमाला घेऊन हॉलमध्ये यायची, पुढच्या ओळीत बसायची आणि हसायचीसुद्धा. निदान मला तसं वाटायचं. पडद्यावरचं पेठ आणि हिराचं पेठ ही माझ्या डोक्यात दोन वेगळी गावं होती. कशी काय होती, हे मला आज कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. पण होती.

ती दोन गावं एक झाली माझ्याच भोचकपणामुळे. एकदा मधल्या सुट्टीत डबा खाता खाता मी हिराला विचारलं, "काय गं, तुझ्या गावाला खरंच एवढं मोठं पातेलं आहे?" मनात खोट नव्हती. मला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"आहे की," हिरा म्हणाली. "पंचायतीचं. लग्नाला भात लागतो तेव्हा काढतात."

"भात?"

तिनं घास खाली ठेवला. "मग काय वाटलं तुला? कोण शिजतं त्यात?"

उत्तर माझ्या तोंडावरच दिसलं असणार. हिरानं डबा बंद केला. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "येत्या रविवारी मला दे भोंगा. काका सगळ्यांना एकेकदा देतात ना, मला कधीच दिला नाही." मी काकाला विचारलं, काका म्हणाला, "हो, देऊ की!"

त्या रविवारी अण्णा आले होते. अण्णा माझ्या आईचे वडील. रामकुंडावर त्यांची पिढीजात उपाध्येपणाची जागा होती. लांबलांबून आलेल्या यात्रेकरूंचे विधी करायचे, वंशावळीच्या वह्या सांभाळायचे. उघडं अंग, धोतर, जानवं, घोटीव डोकं आणि मागे जाडशी शेंडी. त्यांना चित्रांच्या सिनेमाचं भारी कुतूहल. मध्यभागी एकच खुर्ची ठेवलेली, तिच्यावर ते ताठ बसले.

काकानं नेमकं 'अरबस्तान'चं रीळ लावलं. त्यात तोच टोपीवाला कोल्हा एका दूरदेशी जातो. एक नदी, नदीला पायऱ्या, पायऱ्यांवर गाई. गाईंच्या मागे एक हाडकुळा, उघडाबंब माणूस, फक्त कमरेला फडकं, गुळगुळीत डोकं आणि त्यावर उभी राहिलेली शेंडी. तो गाईच्या पाया पडतो, तिच्या शेणाचे गोळे चाटूनपुसून खातो, कोल्ह्यापुढे वाडगा करतो, नाणं पडलं की दातांनी चावून बघतो आणि मग खिळ्यांच्या खाटेवर झोपतो. काका त्याला 'अरबस्तानचा फकीर' म्हणायचा आणि आम्ही तीन वर्षं त्याला अरब मानून हसलो होतो. नाशिकसारख्या तीर्थाच्या गावात, गोदावरीच्या काठी! शेंडीवाला अरब आम्ही पचवला तरी कसा, याचं मला आजही नवल वाटतं. चावून खाल्ला असता तरी घशात अडकला असता.

हिरानं भोंगा घेतला. सुरुवातीला आवाज बारीक होता. "ही बघा गोदावरी," ती म्हणाली. "हे रामकुंड." दोन-तीन पोरं हसली. "आणि हे आले, आले, रामकुंडवाले आले! शेंडी बघा यांची. दक्षिणा द्या, दक्षिणा! हे शेण खातात. हे आमच्या कुमुदचे आजोबा!"

आधी पोरं हसली. तीन वर्षांची सवय होती त्यांना, नाव घेतलं की हसायचं. मोठी माणसं हसली नाहीत. आई चिवड्याच्या पुड्या घेऊन दारात उभी होती, तिच्या हातातून एक पुडी पडली. काकानं झटकन हिराच्या हातातला भोंगा हिसकावला, पण त्या गडबडीत यंत्राच्या खटक्याला त्याचा धक्का लागला. रीळ जागीच थांबलं आणि मागचा दिवा जळत राहिला. पडद्यावर त्या शेंडीवाल्याच्या कपाळावर एक तपकिरी फोड आला, वाढत गेला, आणि तोंड वितळून पांढरं भोक पडलं. जळक्या वासानं हॉल भरला. काकानं तार ओढली.

खिडकीची घोंगडी कुणीतरी बाजूला केली. उजेडात हिरा यंत्राशेजारी उभी होती, हात मागे बांधून, शाळेत शिक्षा झाल्यावर उभी राहायची तशी. मला तिचा राग आला होता, हे मी लपवणार नाही. माझ्या अण्णांना ती शेण खातात म्हणाली होती, सगळ्यांसमोर.

"डोक्यावर बसवलं की हे असं," आई म्हणाली. "घरी जा गं तू."

"काका पण नावं देतात ना," हिरा म्हणाली. ती जागची हलली नाही. "मी पण दिलं."

"थांब, तिला घालवू नकोस," अण्णा खुर्चीतून म्हणाले. "वसंता, ते परत लाव बरं. मला नीट दिसलं नाही."

"अण्णा, जळलं ते," काका म्हणाला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"जळलं? अरेरे." अण्णांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "पण मला सांग, शेंडी ठेवणारा अरब कुठं असतो का? तो पायऱ्यांचा घाट, त्या गाई, ते हात पुढे करणं. पोरगी बरोबर सांगते आहे. तो मीच होतो." मग ते हिराकडे वळले आणि अगदी गंभीरपणे, एखाद्या यजमानाला समजावून सांगावं तसं म्हणाले, "पण बाळ, आम्ही शेण खात नाही हो. पंचगव्यात चिमूटभर असतं, तेही विधीपुरतं. गोळे नाही."

"आमच्यात पण माणसं खात नाहीत," हिरा म्हणाली.

अण्णांनी काकाकडे बघितलं. त्यांना आमच्या पेठवाल्यांची गोष्ट ठाऊक नव्हती. काकानं खाली मान घालून ती सांगितली, अगदी थोडक्यात, पातेल्यासकट. अण्णा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "म्हणजे त्या चित्र काढणाऱ्यानं हिचं गाव पाहिलेलं नाही, माझा घाट पाहिलेला नाही," ते म्हणाले, "आणि तुम्ही त्याच्या जिवावर ओळखी पटवून देताय." मग त्यांनी हिराला जवळ बोलावून गावाची चौकशी सुरू केली. नागली कधी पेरतात, भात कोणता, देवाचं करायला माणूस कोण असतो, त्याला काय म्हणतात, त्याला दक्षिणा किती मिळते. आपल्याच व्यवसायातलं कुणी भेटल्यासारखे ते विचारत होते. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. तीन वर्षं शेजारी बसून मी तिला यातला एक प्रश्न विचारला नव्हता, पातेल्याचा तेवढा विचारला.

घरी गेल्यावर काकानं मला समोर बसवलं. "ते नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही. मीही नाही, तूही नाही." त्याचे डोळे लाल झाले होते. आई भाकऱ्या थापत म्हणाली, "एवढं काय झालं? पोरांची गंमत." तिला मात्र शेवटपर्यंत ते फक्त अण्णांच्या अपमानाचं प्रकरण वाटत राहिलं.

आठवडाभर हिरा माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. शनिवारी मी त्यांच्या चाळीत गेले. तिची आई दारात तांदूळ निवडत होती. मला बघून म्हणाली, "ये गं. हिरी लय गप हाय आठ दिस. काय झालं, सांगत बी नाय." म्हणजे हिरानं घरी काहीच सांगितलं नव्हतं. मी हिराला बाहेर बोलावलं आणि म्हटलं, "उद्या ये. मी आता ते नाव घेणार नाही. देवाशपथ. काकाही नाही घेणार."

"आणि कुणीच नाही?"

"कुणीच नाही," मी छातीठोकपणे म्हणाले. दहा वर्षांच्या मुलीला वाटतं, आपण बोलायचं थांबलो की गोष्ट थांबली. हिरानं मान डोलावली. यानंतरही आम्ही दहावीपर्यंत एकाच बाकावर बसलो, हे आधीच सांगून टाकते, उगाच वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. पण हॉलमध्ये ती आली ती त्या रविवारी शेवटची.

त्या रविवारी पोरांनी कोल्ह्याच्या बेटाचंच रीळ मागितलं. काका नको म्हणत होता, पण दुसरी दोन रिळं तुटलेली, अरबस्तान जळलेलं, आणि पोरं सतरंजीवर पाय आपटायला लागलेली. शेवटी त्यानं ते लावलं आणि भोंगा उलटा करून यंत्राशेजारी ठेवला. मी हिराला चिकटून बसले. सोमा आज तिच्या मांडीवर नव्हता, पुढे बारक्या पोरांत जाऊन बसला होता. होडी फुटली. कोल्हा बेटावर लागला. यंत्राच्या घरघरीशिवाय हॉलमध्ये आवाज नव्हता. मला वाटलं, जमलं.

झाडं हलली. आणि पुढच्या चाळीस पोरांनी एका सुरात आरोळी दिली, "आले आले, पेठवाले आले!"

मी उठले, पोरांना तुडवत मागे गेले, भोंगा उचलला आणि माझ्या त्या मोठ्या आवाजात ओरडले, "गप्प बसा! असं म्हणायचं नाही!" मग एवढा हशा उसळला, की तसा त्याआधी कधी उसळला नव्हता. त्यांना वाटलं, हा नवीन संवाद आहे. पातेल्यातला कोल्हा ओरडतोय. पोरं टाळ्यांच्या ठेक्यावर तेच म्हणू लागली, "गप्प बसा, गप्प बसा, पेठवाले आले!" मी पुन्हा ओरडले, ती पुन्हा हसली. काकानं दिवा बंद केला तरी अंधारात ते चालूच राहिलं.

हिरा उठली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, पुढच्या ओळीकडे बघत होती. तिथं सोमा उभा राहून, दोन्ही हात वर करून नाचत होता आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडत होता. त्याचं तोंड आनंदानं फुललेलं. तिनं जाऊन त्याचा दंड धरला आणि त्याला ओढत दाराकडे नेलं. तो पाय घासत होता, रडत होता, त्याला पुढचं बघायचं होतं. दार उघडून ती त्याला घेऊन गेली, आणि चाळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून बराच वेळ त्याचं ओरडणं ऐकू येत राहिलं, "पातेलं चढवाऽऽ, पातेलं चढवाऽऽ," हुबेहूब माझा हेल काढून.